डाव्या पायताणाचे सात टाके

कागलात हमरस्त्याला लागून बाळासो चौगुल्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पाटीवर दुकानाचं नाव बारीक, आणि त्याखाली लाल रंगात वितभर उंचीचं वाक्य : ‘येथे डुप्लिकेट माल मिळत नाही.’ आता हे पाटीपुरतं राहिलं असतं तर कुणाची ना नव्हती. पण हा गडी पेढा उचलतानाही आधी विचारायचा, “ओरिजनल दुधाचा हाय न्हवं?” लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या मिशीकडं बघून शेजारच्याला कोपर मारायचा, “ही ओरिजनल न्हाय बघ.” त्याची बायको मालन म्हणायची, “नशीब, मला बघायला आल्यावर माझ्या बापाकडं पावती मागितली न्हाय.” बाळासो त्यावर हसायचा नाही. मागायला हवी होती की काय, अशा विचारात पडायचा.

अशा या माणसाच्या घरात, देवघराखालच्या कप्प्यात, गेली तीन वर्षं एकच पायताण होतं. जोड नव्हे, एकच. डावं.

त्याची हकीकत सांगायलाच पाहिजे, कारण असला खुळेपणा आमच्याच मुलखात होऊ शकतो. बाळासोचे वडील ज्ञानू चौगुले, म्हणजे आबा, तीन वर्षांमागं गेले. महिन्याभरात बाळासो आणि त्याचा धाकटा भाऊ कृष्णात वाटणीला बसले. शेत निम्मं-निम्मं झालं. म्हशी दोन तिकडं, दोन इकडं. घमेली, पाट्या, दुधाच्या किटल्या सगळ्याला वाट मिळाली. शेवटी घराच्या पुढच्या सोप्यात आबांचं पायताण तेवढं उरलं. कापशी गावात शिवलेलं, जाड तळाचं, असं करकर वाजणारं की आबा ग्रामसभेला यायच्या आधी चावडीतली माणसं विड्या विझवायची. बाळासो म्हणाला, माझं. कृष्णात म्हणाला, माझं. सकाळपासून बसलेले पंच भुकेजले होते. त्यातला एक वैतागून म्हणाला, “मग घ्या की एकेक!”

चेष्टेनं म्हणाला हो तो. पण या दोन शहाण्यांनी खरंच घेतलं. बाळासोनं डावं उचललं, कृष्णातनं उजवं, आणि दोघं दोन दारांनी बाहेर पडले. त्या दिवसापासून भावाभावांत बोलणं नाही.

बाळासोनं डावंच का उचललं, याला कारण होतं, आणि ते जगात दोघांनाच ठाऊक होतं. बाळासो अकरा वर्षांचा आणि कृष्णात सातचा असताना कृष्णातला बेचकी करायची हुक्की आली. रबर मिळालं, दुबेळकी काटकी मिळाली, दगड धरायला कातडं तेवढं मिळेना. पोरानं ब्लेड घेतलं आणि आबांच्या डाव्या पायताणाच्या कानातून, म्हणजे पट्टा जिथं शिवतात त्या बाजूच्या पाकळीतून, चांगला चौकोन कापून घेतला. मग केलेलं बघून रडायला लागला. बाळासोनं एका फुटलेल्या फुटबॉलचा तुकडा कापला, पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेतली, आणि त्या भोकावर ठिगळ लावलं. सात टाके. सातही सात दिशांना. संध्याकाळी आबा पायताणात पाय घालायला गेले आणि थांबले. “कुणी केलं?” कृष्णात दाराआड. बाळासो म्हणाला, “म्या.” त्याच पायताणानं आबांनी त्याला असा हाणला की चार दिवस तो पालथा झोपला.

पण नवल बघा, आबांनी ते ठिगळ कधी काढू दिलं नाही. पुढं त्या पायताणाचा तळ तीनदा बदलला, पट्टा दोनदा बदलला, पण “त्या टाक्यांना हात लावू नगं” असं शिवणाऱ्याला दरवेळी बजावलं. का, ते कधी बोलले नाहीत. तीनदा तळ बदललेलं ते पायताण बाळासोच्या लेखी शंभर टक्के ओरिजनल होतं, आणि त्याबद्दल त्याला कुणी छेडलं नाही हे बरंच झालं.

कृष्णातनं मात्र त्रेचाळीस वर्षांत एकदाही तोंड उघडलं नाही. बाळासोला खाल्लेला मार परत करायचा नव्हता. एकदा, एकदाच, “दादा, ते म्या कापलं हुतं” एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. वाटणीत भावाशी बोलणं तुटलं ते पायताणावरून, असं गाव म्हणतं. खरं तर ते या न बोललेल्या वाक्यावरून तुटलं.

तर आता बाळासोनं नवं घर बांधलं, आणि येत्या रविवारी वास्तुशांत ठरली. सगळी भावकी येणार. हॉलमध्ये समोरच आबांचा मोठा फोटो, आणि चौगुल्यांच्या रिवाजाप्रमाणं फोटोखाली पाटावर त्यांचं पायताण. आता पाटावर एकच पायताण ठेवलं तर भावकी हसून लोळणार आणि न ठेवलं तर जास्तच हसणार. मालननं मुलीच्या हाती कृष्णातलाही पत्रिका धाडली होती. बाळासोला ते ठाऊक होतं, पण ठाऊक नसल्यागत तो वावरत होता. कृष्णात आलाच, तर त्याच्यादेखत नाक कापलं जाणं बाळासोला मरणाहून वाईट वाटत होतं.

या काळजीत तो चहा पीत बसलेला असताना त्याची मुलगी स्वप्नाली पुस्तक घेऊन समोर येऊन बसली. स्वप्नाली कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात याच वर्षी जीवशास्त्र शिकवायला लागली होती. नवीन धडा आला की आधी बापावर घासून बघायची.

“आप्पा, हे बारावीला शिकवायचंय. तुम्हाला कळलं की समजायचं पोरांना कळलं.”

“म्हंजे मी खुळा व्हय?”

“तुम्ही कसोटी. ऐका. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या आधी ती आपल्या डीएनएची नक्कल करते.”

बाळासोची बशी ओठापाशीच थांबली. “नक्कल?”

“हो. तुमच्या तळपायाचं वरचं कातडं महिना-दीड महिन्यात सगळं नवं येतं. जुनं झडतं, खालून नव्या पेशी वर येतात, आणि त्यांच्यात जुन्याचीच नक्कल. तुमचा पायसुद्धा डुप्लिकेट आहे आप्पा.”

“आन डोस्कं?”

“मेंदूतल्या पेशी मात्र बहुतेक जन्मापासूनच्याच राहतात. म्हणून तर जुनी भांडणं तशीच टिकतात.”

स्वयंपाकघरातून मालनचं हसणं ऐकू आलं. बाळासोनं बशी खाली ठेवली.

“बरं, करती कशी ही नक्कल?”

“डीएनए म्हणजे दोन पेडांचा पिळलेला दोर समजा. दोन्ही पेडांवर ओळीनं अक्षरं. अक्षरं चारच, आणि कुणासमोर कोण बसायचं ते ठरलेलं. हे इकडं असेल तर तिकडं तेच, दुसरं नाही. आता नक्कल करताना दोर उलगडतो, पेड सुटे होतात, आणि एकेका पेडासमोर नव्यानं जोडीदार बसत जातो. सहाशे कोटी अक्षरं, सात-आठ तासांत. शेवटी एका दोराचे दोन दोर. प्रत्येकात एक पेड जुना, एक नवा.”

“मग त्यातला ओरिजनल कुठला?”

“दोन्ही. नाहीतर एकही नाही. निम्मा-निम्मा.”

“असलं कुठं नसतंय,” बाळासो उठला. “माल एकतर ओरिजनल असतोय, न्हाईतर डुप्लिकेट. पोरांना काय बी सांगू नगंस.”

पण दुकानात जाऊन बसला तरी एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. एक पेड बघून दुसरा करता येतो, म्हणाली ती. मग डावं बघून उजवं का होणार नाही? बॉल-बेअरिंग मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्यानं त्या नादात पाना दिला.

दुसऱ्या दिवशी तो कोल्हापुरात, सुभाषनगरातल्या एका बोळात, पायताणं शिवणाऱ्या जोतीराम यांच्या दारात उभा होता. पत्ता स्वप्नालीनं काढलेला, म्हणून तिलाही बरोबर घ्यावं लागलं. गाडी त्यानं चार गल्ल्या अलीकडं लावली होती. पायताण आधी वर्तमानपत्रात, मग पिशवीत, मग ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. कागलचं कुणी दिसतंय का म्हणून तो सारखा मागं बघत होता. डुप्लिकेट माल करून घ्यायला आलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते स्वप्नाली डोळे भरून बघून घेत होती.

जोतीराम सत्तरीचे. चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. त्यांनी पायताण हातात घेऊन उलटंपालटं केलं.

“जुना हात हाय. दुसरं कुठं हाय?”

“हरवलं,” बाळासो म्हणाला. स्वप्नालीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

“दुसरं बघाय मिळालं असतं तर…”

“डावं समोर हाय की! डाव्यासमोर उजवं काय येतंय ते तुमाला सांगाय लागतंय व्हय?” बाळासोनं मुलीचाच धडा त्यांच्या तोंडावर फेकला.

म्हातारा हसला. “ते न्हाय सांगाय लागत. ह्येचा वाक जिकडं, त्येचा त्याच्या उलट. कसं पायजे तुमाला?”

“जसंच्या तसं. एक टाका इकडचा तिकडं झाला तर मी घेणार न्हाय. आदीच सांगतोय.”

जोतीरामांनी कानावरून अंगठा फिरवला, चष्म्यावरून बघितलं. “जसंच्या तसं म्हंजे, समदंच?”

“समदंच!” बाळासो ओरडला. “कागदावर लिवून देऊ का?”

तेवढ्यात शेजारी बसलेली जोतीरामांची बायको, चिमणाबाई, “थांबा” म्हणाली. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं तयार पायताण तिच्या मांडीवर होतं. टाक्यांवरून तिचा अंगठा चालत आला आणि एके जागी अडला. तिनं आरीनं तेवढाच टाका उसवला आणि पायताण नवऱ्यापुढं सरकवलं. त्यांनी मुकाट्यानं तो परत घातला. अंगठा पुढं चालू लागला.

स्वप्नालीचे डोळे चमकले. “आप्पा, अगदी असंच! चुकीचं अक्षर बसलं तर तेवढंच काढायचं आणि बरोबर बसवायचं. तिथं तर नक्कल करणारा स्वतःच मागं वळून बघतो. आणि त्याच्यामागून दुसरे तपासणारे येतात ते वेगळेच.”

“स्वतः मागं वळून बघतोय?” चिमणाबाई म्हणाली. “मग त्यो बाप्या नसंल बाई.”

शनिवारी बाळासो स्वप्नालीला घेऊन पायताण न्यायला आला तेव्हा वास्तुशांत उद्यावर आली होती. घरी मांडव पडला होता, आचारी चुली मांडत होते. जोतीरामांनी फडक्यातून जोड काढला आणि बाळासो बघतच राहिला. नवं उजवं हुबेहूब जुनं दिसत होतं. तेल चोळून, धुरी देऊन, टाचेपाशी झिजवून म्हाताऱ्यानं त्याचं वय साठीच्या पुढं नेलं होतं. अंगठ्याचा वाक, पट्ट्यावरची वेणी, सगळं आबांचं. बाळासोला एकदम वाटलं, आता करकर वाजेल आणि आबा हाक मारतील. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यानं ते फिरवलं. उजव्याच्या कानावर फुटबॉलच्या कातड्याचं ठिगळ होतं. त्यावर सुतळीचे सात टाके. सातही सात दिशांना.

“हे… हे काय?”

“जसंच्या तसं,” जोतीराम अभिमानानं म्हणाले. “जुना फुटबॉल गावंना वो. फुटबॉलचा संघ असल्याल्या तीन तालमी फिरलो तवा एक मिळाला. आन वाकडं टाकं घालणं सोपं न्हाय मालक, हात आपसूक सरळ जातोय. हिनं चार टाकं उसवाय लावलं, सरळ आलं म्हणून.”

“आवं पण उजव्याला हे नव्हतं!”

“मग उजवं आणायचं हुतं. डावं दिलासा, डाव्यासमोर जे येतंय ते म्या केलं. चूक कुठली आन नक्षी कुठली, हे कातडं सांगत न्हाय.”

ठिगळ उसवावं, तर खाली भोकही तसंच, चौकोनी, मापात कापलेलं. म्हाताऱ्यानं कशातच कुचराई केली नव्हती. बाळासोनं जोड पिशवीत घातला आणि गाडीत येऊन बसला.

गाडीत स्वप्नाली उजळाईवाडी येईपर्यंत हसत होती. ओढणीनं डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती.

“झालं असंल हसून, तर सांग आता. तुझ्या त्या पेशीत हे असलं हुतंय का?”

“होतं की. एका पेडावर चूक पडली आणि तपासणाऱ्यांच्या हातून निसटली, की पुढच्या वेळी तिच्यासमोर चुकीचाच जोडीदार बसतो. मग दोन्हीकडं जुळतंय म्हटल्यावर तपासणाऱ्यालाही ती चूक वाटत नाही. पुढच्या सगळ्या नकलांत तीच उतरते.”

“आन दुसरा पेड?”

“त्याच्यावर चूक नव्हतीच. त्याच्यासमोर बरोबर तेच बसतं. म्हणजे एक दोर ठिगळाचा, एक चोख.”

“चोख कृष्णातचा, आन ठिगळाचा माझा.”

“मी कुणाचं नाव घेतलं नाही,” स्वप्नाली म्हणाली. मग डोळे पुसून, “काकांना फोन करा ना आप्पा. एक दिवस त्यांचं उजवं मागून घ्या. सगळा प्रश्नच मिटला.”

बाळासोनं गाडी कडेला घेतली. त्याचा आवाज एकदम चढला आणि मधेच फुटला. “मी जाऊ? त्याच्याकडं? डावं त्यानं कापलं पोरी. बेचकीला. शिवलं म्या, मार म्या खाल्ला. आन आजपातूर त्यो एका शब्दानं बोलला न्हाय. समदी भावकी म्हणती, बाळ्यानं बापाचं पायताण कापलं. म्हणू दे. पण ह्यो बी म्हणू देतोय!”

स्वप्नालीचं हसणं थांबलं. तिला हे ठाऊक नव्हतं. मालनलाही ठाऊक नव्हतं. तिनं बापाच्या हातावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

रविवारी बाळासोनं एक युक्ती केली. पाटावर जोड ठेवला, डावं पुढं, उजवं जरा मागं, आणि उजव्याच्या कानावर झेंडूची फुलं रचली. फुलं घसरली की परत रचायचा. गुरुजी म्हणाले, यजमान, होमाकडं लक्ष द्या. यजमानांचं सगळं लक्ष झेंडूवर.

साडेबारापर्यंत निभावलं. भावकी फोटोला नमस्कार करायची, “जोड हाय की वो!” म्हणायची आणि जेवणाच्या मांडवाकडं वळायची. बाळासोची छाती इंचाइंचानं वर येत होती. मग कागलच्या जुन्या गल्लीतून तानाबाई आत्ती आली. आबांची धाकटी बहीण, वय पंच्याऐंशी, डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून जीभ आणि बोटं दुप्पट चालायची. दोघींनी धरून तिला फोटोपुढं बसवली.

“माझ्या दादाचं पायताण द्या हातात,” आत्ती म्हणाली.

“आत्ती, आधी जेवून घे की,” बाळासो म्हणाला.

“जेवाण कुठं पळून जातंय? दे.”

न देऊन सांगतो कुणाला! आत्तीनं डावं मांडीवर घेतलं, बोटं फिरवली, ठिगळावर थांबली. “हे डावं. बाळ्यानं कापल्यालं. मीच हळद लावलीती तुझ्या पाठीला.” मग उजवं घेतलं. फुलं खाली पडली. बोटं कानावर आली, थांबली, परत डाव्यावर गेली, परत उजव्यावर आली.

“आगं बया!” आत्तीचा आवाज पार आचाऱ्यांपर्यंत गेला. “उजव्याला बी टाकं? बाळ्या, मुडद्या, तू उजवं बी कापलंतास व्हय रं?”

जेवायला निघालेली भावकी माघारी फिरली. चुलतभावांनी वाकून बघितलं. एक हसला, दुसरा हसला, मग सगळा हॉल हसायला लागला. आणि मागून कुणीतरी तो प्रश्न विचारलाच, ज्याची बाळासोला आठवडाभर धास्ती होती.

“बाळासो, ओरिजनल हाय न्हवं?”

बाळासो मान खाली घालून उभा राहिला. नव्या फरशीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसत होता.

“आत्ती, दादानं एकबी कापलं न्हवतं.”

आवाज दारातून आला. कृष्णात उभा होता. पन्नाशीचा माणूस, काखेत कापडी पिशवी, आणि लहान पोरासारखी उंबऱ्यावर आत-बाहेर चाललेली पावलं.

“कापलं म्या,” तो म्हणाला. “बेचकीला कातडं पायजे हुतं. आन एकच कापलतं, डावं. दादानं ते शिवलं, आन मार बी त्यानंच खाल्ला. मी दाराआड हुतो.”

हॉलमध्ये कुणी हसेना. बाळासोनं वर बघितलं. त्रेचाळीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते समोर येऊन उभं राहिलं होतं.

कृष्णात आत आला, आत्तीशेजारी मांडी घालून बसला आणि पिशवीतून त्यानं जोड काढला. उजवं जुनं, आबांचं. डावं नवं, गुळगुळीत, कानावर एक ओरखडाही नाही.

“म्या बी करून घेतलं. कापशीत. उजवं बघून डावं. लई चोख झालं दादा. आनंदानं घिऊन आलो, माझ्या घरात आबाच्या फोटोखाली ठेवलं. पण रोज बघतोय तर ते आबाचं वाटतच न्हाय. दुसऱ्याच कुणा माणसाचं वाटतंय.” त्यानं पिशवीत परत हात घातला. ब्लेड, दाभण, सुतळीचा गुंडा, आणि फुटक्या फुटबॉलचा तुकडा. एकेक करून सगळं फरशीवर मांडलं. “कापतो म्या. शीव तू.”

“आत्ता?” बाळासो म्हणाला. “आरं, पंगत बसायची हाय.”

“मी इतकी वर्सं गप्प बसलो. पंगत थांबंल घटकाभर.”

त्यानं ब्लेड घेतलं आणि भावकीच्या डोळ्यांदेखत त्या चोख पायताणाच्या कानातून चौकोन कापला. मग ते पायताण त्यानं भावापुढं धरलं. बाळासो नव्या धोतरानिशी खाली बसला. दाभणात सुतळी ओवायला त्याला तीन खेपा लागल्या. एक टाका घातला, दुसरा घातला.

“सरळ येतंय की रं दादा,” कृष्णात वाकून बघत म्हणाला. “वाकडं घाल. न्हाईतर डुप्लिकेट दिसंल.”

“तू शिकवू नगंस मला,” बाळासो म्हणाला आणि दुसरा टाका उसवला. त्याच्या नाकावरून पाणी टपकन सुतळीवर पडलं. “होमाचा धूर लई झालाय,” तो म्हणाला. होम तासापूर्वीच विझला होता.

स्वप्नाली बापाशेजारी टेकली होती. “चोख नक्कल झालेली असताना मुद्दाम चूक शिवून घ्यायची,” ती हळूच म्हणाली, “हे कुठल्या पेशीला सुचत नाही आप्पा. हे मी शिकवणार कशात?”

सातवा टाका पडला. बाळासोनं सुतळी दातानं तोडली. आत्तीनं हात पुढं केले, तशी चारही पायताणं त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती एकेक करून चाचपली, आणि मग तिच्या ध्यानात भलतंच आलं.

“म्हंजे त्यो मार चुकीच्या पाठीवर पडला म्हणायचा! कृष्ण्या, वाक. दादाचा राह्यलेला मार मी देते.” तिची बोटं परत चारी पायताणांवरून फिरली आणि गोंधळली. तिनं तोंड वर केलं. “बाळ्या, तुला समदं कळतंय न्हवं? ह्यातलं माझ्या दादाचं ओरिजनल कुठलं रं? त्यानंच हाणते.”

सगळ्यांनी बाळासोकडं बघितलं. जुनी दोन कुठली ते त्याला झाकल्या डोळ्यांनी सांगता आलं असतं. त्यानं चारांकडं बघितलं, मग भावाकडं.

“कुठलंबी घे आत्ती,” तो म्हणाला. “समदी आबाचीच हायती.”

कृष्णातनं पाठ वाकवली.